लाकडी काय, काळी काय: हवालदारसाहेबांच्या रायफलीचा प्रश्न

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. भात, दीड एकर ऊस आणि घाटाकडच्या अंगाला काजू आहे. रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलाय. ऊस मुळासकट उपटून चघळून टाकतात. गवे आले की भाताची काही खैर नाही. डबे बडवून, फटाके उडवून झालं, आता जनावरं त्यालाही सरावलीत. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथं एका दाबात एक गोळी सुटणाऱ्या, आपल्या एसएलआरसारख्या (फौजेतली जुनी सेल्फ लोडिंग रायफल) रायफली सरसकट दुकानात मिळतात. त्यानं व्हिडिओ पाठवले. एकच कंपनी, पण एक लाकडी दस्त्याची, एक काळ्या प्लास्टिकची, एक दस्ता दुमडणारी. यातली स्वस्त आणि टिकाऊ कुठली? माझं बजेट दीड लाखापर्यंत. माजी सैनिकाला परवाना लगेच मिळतो असं ऐकलंय. भाचा म्हणतो, सुटे भाग करून दोन खेपांत आणून देतो. कोडगूत (कूर्गमध्ये) तर म्हणे लोकांना परवानाच लागत नाही, मग आम्हालाच का अडवतात? घरात नातवंडं आहेत म्हणून मंडळी नको म्हणतात. काय करू?
– एक माजी सैनिक, ता. खानापूर

हवालदारसाहेब, नमस्कार.

पहिलं काम, आज रात्री भाच्याला फोन करा आणि सांगा, काही आणू नकोस. अख्खी नको, अर्धी नको, नळी नको, मॅगझीनही नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रच धरलेत. दोन खेपांत आणलं तर दोन गुन्हे होतील, एवढाच फरक. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस सापडलं तरी माणूस पोलीस ठाण्यात जातो. तिथं रायफलीची नळी सापडली तर तुमची पेन्शन, भाच्याचा व्हिसा आणि दोन्ही घरांची झोप जाईल. कायद्याची २०१९ ची दुरुस्ती कडक आहे. विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षं, आणि प्रतिबंधित शस्त्र असेल तर किमान ७ आणि कमाल १४ वर्षं शिक्षा आहे. हेच गावठी बंदुकीलाही लागू. गावात कुणी 'पंधरा हजारात करून देतो' म्हणत आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता व्हिडिओकडे येतो. तुमचा प्रश्न मुळात चांगला आहे, आणि फौजी माणसाला तो नीट समजावून सांगता येतो.

भाच्यानं दाखवलेली रायफल तुमच्या वर्णनावरून रूगर कंपनीची मिनी-१४ दिसते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत आणि गुरं राखणाऱ्यांत ही फार वर्षं चालत आलीय, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून. आतलं यंत्र दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या गॅरंड रायफलीच्या घराण्यातलं. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस खालच्या छिद्रातून बाहेर येतो, दांड्याला मागे ढकलतो, दांडा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा खिट्टा) फिरवून उघडतो, रिकामं खोकं बाहेर फेकलं जातं, स्प्रिंग पुढे येताना नवीन काडतूस भरते. तुम्ही जन्मभर हेच हातात धरलंत. एसएलआरमध्येही गॅसच काम करत होता, फक्त तिथं पिस्टन छोटा ठोका देऊन थांबायचा आणि ब्रीचब्लॉक, म्हणजे तिथला बोल्ट, खाली तिरका होऊन बसायचा. एसएलआरनंतर आलेल्या इन्सासमध्ये पिस्टन बोल्टच्या गाड्याबरोबरच मागेपुढे जातो आणि बोल्ट फिरून लॉक होतो. काळ्या एआर घराण्यात, म्हणजे अमेरिकन फौजेच्या एम-१६ च्या दुकानी भावंडांत, पिस्टनच नाही, गॅस एका बारीक नळीतून थेट बोल्टच्या गाड्यात शिरतो. म्हणून ती हलकी, पण काजळी आत साचते, साफसफाई जास्त. या सगळ्या एका दाबात एक गोळी सोडणाऱ्या. इन्सासला तीन गोळ्यांचा बर्स्टही आहे, तो या अमेरिकन दुकानी मालात नाही.

आता लाकडी आणि काळी. मिनी-१४ चं १९८२ मध्ये रँच रायफल नावाचं रूप आलं, त्यात दुर्बीण बसवायची सोय मूळ धातूतच कोरलेली. १९८७ मध्ये मिनी थर्टी आली, ती एके-४७ च्या ७.६२ बाय ३९ काडतुसाची. मूळची .२२३ ची, म्हणजे आपल्या इन्सासच्या ५.५६ ची सख्खी बहीण. शिवाय गंजू नये म्हणून स्टेनलेस आली, पावसापाण्याला प्लास्टिकचा दस्ता आला, नळी १८.५ इंचांवरून १६ इंचांच्या आसपास आणलेली 'टॅक्टिकल' आली, दस्ता दुमडणारी आली. आतलं यंत्र सगळ्यांचं एकच. लाकडी दस्त्याची उतरवून प्लास्टिकचा दस्ता चढवला तर ती 'काळी' होते, काम एक स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटांचं. सांगायचं ते एवढंच, की रूप बदललं तरी बंदूक तीच राहते. दुमडणाऱ्या दस्त्याची किंमत जास्त असते, आणि खांद्याला ती लाकडीइतकी घट्ट बसत नाही. जुन्या मिनी-१४ ची नळी बारीक होती, दहा-पंधरा गोळ्या भराभर सोडल्या की तापून मार पसरायचा. २००५ च्या सुमारास कंपनीनं यंत्रसामग्री बदलली, मग तो दोष बराच कमी झाला. म्हणजे तिथंही जुनी स्वस्त घेताना लोक दस्त्याचा रंग सोडून बनावटीचं साल विचारतात.

आणि खऱ्या अर्थानं स्वस्त म्हणाल तर तिकडे .२२ रिमफायर. रूगरची १०/२२ हे नाव १९६४ पासून चाललंय, दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझीन. मार्लिनची मॉडेल ६० त्याहून स्वस्त असायची, नळीखालच्या लांब पोकळीत काडतुसं एकामागून एक भरायची. दोन्हींत गॅसबिस काही नाही, काडतुसाच्याच धक्क्यानं बोल्ट मागे जातो. डब्यांवर नेम धरायला, सशाबिशाला ठीक. रानडुकराला त्यातून जखमी करून सोडायचं म्हणजे चिडलेलं जनावर ऊसातून तुमच्याच अंगावर घ्यायचं.

रूपाच्या या भानगडीवरून अमेरिकेत एक मजेशीर गोष्ट घडली, तुमच्या प्रश्नाला ती अगदी लागू पडते. १९९४ ते २००४ त्यांच्या केंद्रीय कायद्यानं काही अर्ध-स्वयंचलित, म्हणजे एका दाबात एक गोळी सोडून पुढची आपणच भरणाऱ्या, रायफलींवर बंदी होती. बंदी कशावरून ठरायची? दस्ता दुमडतो का, पिस्तुलासारखी मूठ आहे का, संगीन अडकवायची खोबण आहे का, नळीच्या तोंडाला ज्वाळा लपवणारं टोपण आहे का, यावरून. त्या कायद्याच्या जोडपत्रात सूट मिळालेल्या बंदुकांची यादी होती, त्यात मिनी-१४ नावानिशी होती, पुढे लिहिलेलं, 'दुमडत्या दस्त्याखेरीज'. तीच नळी, तेच यंत्र, तेच काडतूस. लाकडी असेल तर शेतकऱ्याची, दस्ता मुडपला की सूट गेली.

आपला कायदा उलट्या बाजूनं विचार करतो, आणि मला विचाराल तर शहाणपणानं करतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये बंदुकांचे वर्ग पाडलेत ते यंत्र, बोअर (नळीचा आतला व्यास) आणि नळीची लांबी पाहून. दस्ता लाकडाचा की प्लास्टिकचा हे कुणी विचारत नाही. त्या वर्गवारीत अर्ध-स्वयंचलित रायफल आणि अर्ध-स्वयंचलित छर्ऱ्यांची बंदूक दोन्ही वरच्या, निर्बंधित वर्गात पडतात. दुकानदार आणि फौजी त्याला 'पीबी', म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, म्हणतात. तो परवाना बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून मिळत नाही, तो दिल्लीला गृहमंत्रालयाकडे जातो आणि दहशतवाद्यांकडून जिवाला खरा धोका असलेल्यांसारख्या मोजक्या माणसांना मिळतो. रानडुकरं त्या यादीत बसत नाहीत. नेमबाजीच्या खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्या आपल्या कामाच्या नाहीत. शिवाय .३०३ आणि ७.६२ ची लष्करी काडतुसं जिच्यात चालतील अशी रायफल, बोल्ट ॲक्शन असली तरी याच वर्गात. म्हणूनच ईशापूरच्या कारखान्यातल्या नागरी रायफली .३१५ आणि .३०-०६ च्या असतात.

म्हणजे लाकडी, काळी, दुमडती, तिन्ही प्रश्न बाद झाले. वाईट वाटून घेऊ नका. उरलेला प्रश्नच तुमचा खरा आहे: डुकरासाठी कुठली बंदूक.

इथं मी स्पष्ट बोलतो. ऊसासाठी रायफल घेऊच नका, परवाना मिळाला तरीही. रात्री टॉर्चच्या झोतात ऊसाच्या सरीत डुक्कर दिसतं ते दोन चमकते डोळे आणि पाठीची एक काळी रेघ एवढंच. मागे काय आहे ते दिसत नाही. .३१५ ची गोळी चुकली तर ती ऊस, बांध, काजूची रांग ओलांडून पुढच्या वाडीपर्यंत जाते. साध्या .२२ च्या काडतुसाच्या डबीवरदेखील दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. आपल्याकडे दीड मैलात दोन वाड्या, एक शाळा आणि रात्री पाणी पाजायला निघालेला कुणीतरी शेजारी येतो. फायरिंग रेंजवर मागे मातीचा बुरूज असायचा, तसा शेतात नसतो.

बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे चाळीस-पन्नास मीटरपर्यंत कामाचे, पुढे दम सोडतात. आणि डुक्कर शेतात तुमच्यापासून त्याहून लांब असलं तर ते मारायचं नसतं, हाकलायचं असतं. शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमातही हाच हिशोब आहे. पीक संरक्षणाच्या कामी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, आणि ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी आतून गुळगुळीत नळीची बंदूक, नळी किमान २० इंचांची. तुमच्या अर्जात ती ओळ महत्त्वाची: गव्यांचा आणि डुकरांचा त्रास केवढा, ठासणीची भरायला किती वेळ लागतो, म्हणून बारा बोअर हवी. वनखात्याकडे केलेल्या जुन्या तक्रारींच्या पोहोच असतील तर जोडा. तुम्ही खानापूरचे, म्हणून अर्ज डीसीकडे. बेळगाव शहराची गोष्ट वेगळी, तिथं पोलीस आयुक्तालय आहे. माजी सैनिक असल्याचा फायदा होतो तो इतकाच की शस्त्र हाताळायची सवय कागदावर दाखवता येते. पोलीस तपास, वैद्यकीय दाखला, घरात बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, हे फौजीलाही चुकत नाही. 'लगेच' मिळतो हे ज्यानं सांगितलं त्याच्याकडून तारीख लिहून घ्या.

आता तुमच्या गावाची एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं, आणि घाटाखाली गोव्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि परवाना असणाऱ्यानं आपलं नाव वनखात्याकडे नोंदवावं लागतं. जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा भागातल्या किती शेतकऱ्यांचे अर्ज कुठं अडकले हे त्यांना कळतच नाही, कारण फाईल डीसी ऑफिसात नसून वनखात्यात असते. तुमचं शेत अंतरात येतं का, हे वनखात्याच्या रेंज ऑफिसात नकाशावर आधी पाहून घ्या. येत असेल तर सुरुवातीलाच वनखात्याकडे जा, शेवटी नको.

आणि परवाना हातात आला म्हणजे डुक्कर मारायची परवानगी आली असं नाही. हा गैरसमज आपल्या भागात फार. रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली संरक्षितच आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाला धोका असेल तर ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, ती वेगळी मागावी लागते. गवा, हत्ती, अस्वल पहिल्या अनुसूचीतले, त्यांच्याकडे बंदूक फिरवायचा विचारही नको. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं तर ११ व्या कलमात संरक्षण आहे, पण मग ते जनावर सरकारचं होतं आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

कोडगूचं विचारलंत. तिथल्या कोडव लोकांना आणि जम्मा, म्हणजे पिढीजात हक्काच्या, जमिनीच्या धारकांना शस्त्र कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली सूट आहे, केंद्रानं ती पुढे वाढवलीही. पण ती त्या समाजापुरती आणि त्या जमिनीपुरती आहे, ती दाखवून खानापुरात भांडता येणार नाही. आणि मिनी-१४ त्यांनाही त्या सुटीखाली मिळत नाही.

तर बारा बोअर. पैशाचा खरा फायदा इथं आहे, म्हणून जरा सविस्तर. नव्या बंदुकीपेक्षा जुनी दुनळी बघा. आजोबा गेले, परवाना पुढे चालवायला पोरांना नको, म्हणून परवानाधारक दुकानात जमा झालेल्या दुनळ्या आपल्या भागात असतात. दीड लाखाचा निम्मा खर्चही होऊ नये अशी पहायची. पण कमी भावाला भुलून डोळे मिटू नका. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्या उजेडाकडे धरा. आत उजेडाची गोल वर्तुळं सरळ रांगेत दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ दाबलेलं दिसलं तर तिथं बाहेरून पोचा आहे, बोटानं चाचपून बघा. गंजाचे बारीक खड्डे ब्रीचजवळ, म्हणजे काडतूस भरायच्या टोकाशी, असतील तर ती बंदूक ठेवून द्या. तोंडाकडे थोडे असतील तर भाव पाडायला उपयोगी. मग बंद करून दस्ता काखेत धरा आणि नळ्या हातात घेऊन बाजूला हलवा. बिजागरीत खडखड लागली, किंवा ब्रीच आणि नळ्यांच्या मधून कागद सरकला, तर ती ढिली आहे. दोन्ही चाप रिकाम्या काडतुसावर किंवा डमीवर वेगळे ओढून बघा, उजवा ओढल्यावर डावाही सुटत असेल तर दुकानातून बाहेर या. रिकाम्या घरावर (घर म्हणजे काडतूस बसायची जागा) चाप ओढून बघू नका, फायरिंग पिन तुटते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरीही.

जुन्या इंग्रजी बंदुकीत दोन सापळे. एक, नळीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी, लोखंडाच्या पट्ट्या वळवून केलेली. दिसायला सुंदर, भिंतीवर लावायला छान, आजच्या नायट्रो (बिनधुराच्या दारूच्या) काडतुसांना नको. दोन, कित्येक इंग्रजी बंदुकांचं घर अडीच इंची असतं, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटर. त्यात आजचं पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं खरं, पण तोंड उघडायला जागा न मिळाल्यानं दाब वाढतो. नळीवर घराची लांबी कोरलेली असते. कोरलेली नसेल तर दुकानदाराकडून मोजून लिहून घ्या. खडकीची शक्तिमान काडतुसं घ्या, पण घराच्या मापाचीच.

पंप ॲक्शनचं विचाराल, म्हणजे हातानं पुढचा दांडा मागेपुढे करून भरायची. ती अर्ध-स्वयंचलित नाही, कारण भरणं तुमच्या हातानं होतं, आणि देशी बनावटीची मिळते. शेतासाठी मी दुनळीच घेईन. दोन गोळ्यांत डुक्कर पळालं नाही तर पाचव्या गोळीनंही पळत नाही, आणि दुनळी उघडून दाखवली की ती रिकामी आहे हे नातवंडांच्या आजीलाही दिसतं. पंपात एक काडतूस आत राहिलं तर बाहेरून कळत नाही.

दुकानाऐवजी ओळखीच्या परवानाधारकाकडून थेट घ्यायची असेल तर त्यानं विक्रीची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला देऊन ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. त्याआधी बंदूक तुमच्या घरी आली तर दोघंही गोत्यात. आणि एका माणसाकडे दोनच बंदुका, २०१९ पर्यंत तीन चालायच्या. परवाना आता पाच वर्षांचा असतो. त्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं, ते वाचा. आपल्या भागात याला महत्त्व आहे, कारण अर्ध्या गावाची जमीन चंदगडकडे, सोयरीक गडहिंग्लजला, आणि गोव्याला जायचा रस्ता घरासमोरून. खांद्याला बंदूक लावून मेहुण्याच्या शेतावर डुक्कर हाकायला गेलात आणि मध्ये महाराष्ट्राची हद्द लागली, तर तो परवाना तिथं चालतो का हा प्रश्न नाक्यावरच्या हवालदारानं विचारायच्या आधी तुम्हीच विचारलेला बरा. लग्नात वरातीपुढे दोन बार काढायची फर्माईश आली तर सरळ नाही म्हणा. आनंदाच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

आणखी एक काम बंदूक येईपर्यंत करायचं, आणि आल्यानंतरही. सौर कुंपणाची चौकशी करा. ते ठराविक क्षणानं झटका देतं, जनावर बिचकतं, मरत नाही. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन थेट तारेत सोडण्याची आयडिया कुणी दिली तर तो माणूस तुमचा शत्रू समजा. त्यात हत्ती मेला तरी तुरुंग, शेजाऱ्याचा मुलगा चिकटला तरी तुरुंग. पिकाचं नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो, उतारा आणि तक्रार, कर्नाटक वनखात्याच्या ई-परिहार या भरपाईच्या पोर्टलवर. भरपाई पूर्ण मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तीच तक्रार उद्या परवान्याच्या अर्जाला जोडायला लागते, म्हणून कंटाळू नका.

शेवटी तुमच्या मंडळींचं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना सांगा मी म्हणतो म्हणून. बंदूक आली तर लोखंडी कपाट भिंतीला बोल्टनं पक्कं, किल्ली एकच आणि ती तुमच्या अंगावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. दुनळी नळ्या काढून सुटी ठेवता येते, तशीच ठेवा. नातवंडांना ती एकदा उजेडात, उघडी, रिकामी दाखवून टाका, म्हणजे कपाटाचं कौतुक संपतं. निवडणुका लागल्या की आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. त्या दिवशी चिडचिड न करता जाऊन द्या, पावती घ्या, आणि पावतीवर बंदुकीचा नंबर तुमच्यासमोर लिहून घ्या.